पहिलाच बार फुसका

माणसानं उगाच तोंडदेखलं "काका, काही लागलं तर सांगा हं" असं म्हणू नये. समोरचा कधीकधी खरंच सांगतो.

एप्रिलमध्ये चारुदत्तकाकांचा जुना दोस्त वॉल्टर गेला, तेव्हा त्याच्या फ्युनरलला मी काकांना ड्राइव्ह करून घेऊन गेलो होतो. परत येताना गाडीत काय बोलावं सुचेना, म्हणून हे वाक्य बोलून बसलो. ऑक्टोबरात काकांचा फोन आला.

"परीक्षित, तू म्हणाला होतास ना, काही लागलं तर सांगा? मला एक हरीण लागतंय."

बाप्पा! मला वाटलं, म्हातारा सरकला.

चारुदत्तकाका म्हणजे आमच्या ईडन प्रेरी गावातलं मोठं प्रस्थ. ऐंशी पार केलेले निवृत्त सर्जन. सत्तरच्या दशकात मुंबईहून इथे आले, तेव्हा म्हणे हिंग शिकागोहून आणावा लागायचा. मी नागपूरचा, सॉफ्टवेअर टेस्टिंगवाला, त्यांच्यापासून दोन घरं सोडून राहतो. मंडळाच्या गणपतीत आरतीला पुढे उभा राहणारा हा माणूस दर हिवाळ्यात नारिंगी जॅकेट घालून वॉल्टरच्या शेतावर शिकारीला जातो, हे सगळ्यांना माहीत होतं आणि कुणी त्यावर बोलत नसे. मोठ्या डॉक्टरांना कोण विचारणार?

"नमनाला घडाभर तेल नको," काका म्हणाले. "थँक्सगिव्हिंगनंतर ठासणीच्या बंदुकीचा सीझन उघडतो. वॉल्टरचा हात हातात घेऊन मी हॉस्पिटलात शब्द दिलाय, मार्लीनच्या फ्रीझरमध्ये यंदाही हरीण येईल. पण माझ्या उजव्या डोळ्यात मधोमध डाग पडलाय. हरीण दिसतं, त्याचं डोकं दिसत नाही. नेम तू धर. बाकी सगळं मी बघतो."

मार्लीन ही वॉल्टरची बायको. आयुष्यभर डिसेंबरात नवऱ्यानं आणलेलं हरणाचं मांस वर्षभर पुरवून खाणारी बाई. आता नवरा नाही, तर निदान फ्रीझर रिकामा नको, एवढंच काकांचं म्हणणं होतं. याला नाही कसं म्हणणार? मी हो म्हणालो. हात दाखवून अवलक्षण ते हेच.

माझ्या वयाच्या माणसाला लायसन्स हवं तर शिकारीचा सेफ्टी कोर्स करावा लागतो. तो मी सहावीतल्या पोरांबरोबर बसून केला. माझी बायको रुचा कट्टर शाकाहारी. तिनं एवढंच विचारलं, "पोरांपेक्षा जास्त मार्क मिळाले का?" नव्हते मिळाले.

ठासणीची बंदूक म्हणजे काय, तर वरून नळीत दारू ओतायची, तिच्यावर शिशाची गोळी ठेवायची, गजानं ती खालपर्यंत ठासायची, मागच्या बारीक भोकावर तांब्याची इवलीशी टोपी बसवायची. चाप ओढला की घोडा टोपीवर पडतो, ठिणगी आत जाते आणि बार उडतो. एकच बार. दुसरा भरेपर्यंत हरीण शेजारच्या राज्यात, विस्कॉन्सिनला पोचतं. म्हणून त्या एका बारात किती दारू आणि कोणती गोळी, यावर सगळा खेळ. इथले लोक त्याला लोड म्हणतात आणि त्यावर तासन्‌तास भांडतात.

काकांचा लोड ठरलेला होता. "ऐंशी ग्रेन दारू आणि लांबट शिशाची गोळी. वॉल्टरनं पहिल्या वर्षी ठरवून दिलं, मी कधी बदललं नाही. बायको आणि लोड सारखं सारखं बदलायचं नसतं."

पण दुकानात गेलो तर काकांच्या नेहमीच्या दारूचा डबाच नाही. दुकानदार म्हणाला, ती बनणं बंद झालं, ही घ्या, तशीच आहे. तशीच आहे म्हणे! तिथून माझ्या डोक्याचा भुगा व्हायला सुरुवात झाली.

काकांच्या घरी येऊन मी शहाण्यासारखा बारीक वजनकाटा काढला आणि ऐंशी ग्रेन तोलायला बसलो. काका ओरडले, "अरे, वजनानं नाही, मापानं! ग्रेन हे वजन आहे, पण दारूचं माप त्या नळकांड्यात भरून घ्यायचं."

"म्हणजे वजनाचं नाव आणि माप आकाराचं?"

"हो."

"मग गोळीचे तीनशे सत्तर ग्रेन?"

"ते मात्र वजन."

आतून वसुधाकाकूंचा आवाज आला, "म्हणजे दारू वाटीनं आणि गोळी किलोवर. त्यात एवढं काय?" काकू चहा घेऊन बाहेर आल्या आणि मला म्हणाल्या, "हे असंच घोळवून सांगतात रे. ऑपरेशनसुद्धा पेशंटला असंच सांगायचे."

दुसऱ्या दिवशी आम्ही नेमबाजीच्या रेंजवर जाणार होतो. बंदूक रात्रभर काकूंच्या देवघरात उभी. घरातून शस्त्र निघायचं तर आदली रात्र देवापुढे काढून निघायचं, हा काकूंचा नियम. खंडेनवमीला तर शिवणाचं मशीन, मिक्सर, दोन्ही गाड्या आणि ही बंदूक अशी सगळ्यांची एकत्र पूजा. दस्त्यावर हळदकुंकू, नळीच्या तोंडाला झेंडूचं फूल, शेजारी समई, कोमट तेलाची वाटी, पळी-पंचपात्र. मी नमस्कार केला. म्हटलं, बाई, चाल नीट.

रेंजवर काकांनी लोड भरला, मी नेम धरला, चाप ओढला. टक. टोपी फुटली, पुढे काही नाही. कोर्समध्ये शिकवल्याप्रमाणे बंदूक समोर धरून थांबलो. दुसरी टोपी लावली. आधी फुस्स झालं, मग क्षणभरानं धडाम, आणि गोळी कागदाच्या वरून कुठेतरी उत्तरेला, सरहद्दीपार मॅनिटोबाकडे गेली. पुढचे सगळे बार मात्र बशीएवढ्या जागेत बसले.

"नवी दारू आहे," काका म्हणाले. "पेटायला जड. नव्वद करू."

पुढच्या शनिवारी नव्वद. पहिला बार फुसका, बाकीचे झकास. त्याच्या पुढच्या शनिवारी सत्तर. तेच. मग दारू बदलली, टोप्या बदलल्या. कापडात गुंडाळलेली गोल गोळी घातली, प्लॅस्टिकच्या कपात बसवलेली तांब्याची गोळी घातली. प्रत्येक वेळी पहिला बार टक, दुसऱ्या टोपीला फुस्स-धडाम, आणि मग बंदूक एकदम गुणी बाळ. पण शिकारीत पहिलाच बार असतो ना राव! दुसरा असतोच कुठे?

जितकी तोंडं तितकी मतं. रेंजवरचा एक दाढीवाला म्हणाला, गोल गोळीला साठच पुरे. दुसरा म्हणाला, साठनं हरणाला गुदगुल्या होतील, शंभर घाला. यूट्यूबवर एकानं शंभरवाल्यांना मूर्ख म्हटलं आणि खाली कमेंटमध्ये शंभरवाल्यांनी त्याला. एक म्हणे लांबट गोळी या नळीला चालते, दुसरा म्हणे चालतच नाही. मी दिवसभर ऑफिसात बग शोधतो. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, हा माझा धर्म. इथे मी सगळं एकेक करून बदललं आणि बग जागच्या जागी. जेवताना माझं पुटपुटणं ऐकून रुचा म्हणाली, "तू हरणाला प्रेझेंटेशन दे, ते कंटाळून मरेल."

एका ठिकाणी मी वाचलं की भरण्याआधी नळी कोरड्या फडक्यानं पुसून दोन नुसत्याच टोप्या फोडाव्यात. काकांना सांगितलं, तर त्यांचा चेहराच बदलला.

"ती वॉल्टरची पूजा," ते म्हणाले. "दर वेळी भेटला की माझी बंदूक हातात घ्यायचा, गजाला फडकं गुंडाळून नळीत फिरवायचा, दोन टोप्या फोडायचा. टक, टक. मी चिडवायचो, झाली का तुझी पूजा? स्वतःच्या बंदुकीला नाही करायचा, फक्त माझ्या. वेड होतं त्याचं. ते त्याच्याबरोबर गेलं. मी करणार नाही."

"काका, पण..."

"नाही म्हणालो ना!"

डोळ्यांत पाणी आणून माणूस ओरडला की वाद घालता येत नाही.

सीझन उघडायच्या आधीच्या शनिवारी रेंजवरून परत येताना काका गाडीत एकदम म्हणाले, "परीक्षित, ऐंशीच होतं ना रे?"

"तुम्हीच सांगितलंत काका."

"तेच तर. मीच सांगितलं. मला वाटतंय ऐंशी. पण ऐंशीला बंदूक चालत नाही. इतकी वर्षं पहिल्या बाराला हरीण पाडलंय मी. एकदाही फुसका गेला नाही. मग दुसरंच काहीतरी होतं आणि मी ते विसरलो." त्यांनी चष्मा काढून पुसला. "माझी आई अशीच गेली. आधी कुकरच्या शिट्ट्या विसरली. मग आम्हाला. वॉल्टरला माहीत होतं किती ते. आता विचारू कुणाला?"

मी म्हटलं, "काका, दारू नवी आहे, तिचा दोष असेल."

"दोन दारू बदलल्या आपण. मी डॉक्टर आहे. लक्षण दिसलं की कळतं मला." मग हळूच म्हणाले, "येता शनिवार बघू. नाही जमलं तर सोमवारी मी डोक्याची तपासणी करून घेणार, आणि गाडीची किल्ली मुलाकडे देणार. वसुधाला यातलं काही बोलू नकोस."

एवढा मोठा माणूस, आणि पोराच्या आवाजात बोलत होता. फोनवर ऐकून मला वाटलं होतं, म्हातारा सरकला. तेच वाक्य आता परत आठवलं. खरंच तसं असलं तर?

शनिवारी पहाटे आम्ही निघालो. काकूंनी दारात दोघांच्या हातावर दही घातलं, बंदुकीवर ताजं कुंकू लावलं. "एकाच बारात होऊ दे रे बाबा," त्या मला म्हणाल्या. "तडफडायला नको ते जनावर."

वॉल्टरच्या शेताच्या कडेला एक लाकडी मचाण होतं. बर्फ पडलेलं, वारा नाही. काकांनी बंदूक भरली. मापानं ऐंशी ओतताना त्यांचा हात थांबला, मग आणखी दहा घालायला मापाकडे गेला, मग परत आला. "ऐंशीच," ते म्हणाले, पण माझ्याकडे बघून, विचारल्यासारखं.

हरीण आलं. चांगली भरलेली मादी, मक्याच्या खुंटांतून हुंगत हुंगत. आडवी उभी राहिली. याहून सोपं हरीण देवानं मला दिलं नसतं. मी श्वास सोडला, चाप ओढला.

टक.

मादीनं मान वर केली, मचाणाकडे बघितलं, शेपटी उचलून तिची पांढरी बाजू दाखवली आणि पळून गेली. मी तशीच बंदूक समोर धरून बसलो. काकांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. "तुझा नेम बरोबर होता," ते म्हणाले. "मीच चुकलो."

मला संताप आला. बंदुकीचा, दारूचा, त्या दाढीवाल्याचा, सगळ्यांचा. भरलेली बंदूक घेऊन खाली उतरलो आणि तिची नळी शेताकडे करून गोठ्याबाहेरच्या टेबलावर ठेवली. म्हटलं, आता लोड नाही बदलायचा. आता हिला उघडून बघायचं. काका बाजूच्या पेंढ्याच्या गठ्ठ्यावर बसून राहिले, त्यांना कशातच रस उरला नव्हता.

टोपी बसते ते छोटं बोंड मी पान्यानं फिरवून काढलं. ठिणगी आत जाते त्या वाटेत पांढरं काहीतरी घट्ट बसलं होतं, मेणासारखं. मी टाचणीनं कोरून काढलं. बोटांवर चोळलं तर ते पाघळलं. नाकाशी नेलं.

अहो, तो वास मी कुठेही ओळखेन. आठवीपर्यंत दर रविवारी आईनं माझं डोकं त्यानं थापलंय.

"काका," मी म्हणालो, "हे खोबरेल आहे."

काका उठून आले. वास घेतला. परत घेतला. तेवढ्यात मार्लीन कॉफी घेऊन बाहेर आली होती. तिनं आमच्या दोघांची बोटं नाकाशी बघितली आणि ती हसायलाच लागली. हसता हसता रडायला लागली.

"वसुधाचं तेल," ती म्हणाली. ती इंग्लिशमध्ये बोलत होती, पण 'वसुधा' अगदी नीट म्हणाली. "पहिल्याच वर्षी तुमच्याकडे जेवायला आलो होतो ना, तेव्हा वॉल्टरनं बघितलं होतं. ती देवापुढे बसून चमच्यानं नळीत तेल ओतत होती. मग तो दर वर्षी तुझी बंदूक पुसून घ्यायचा. परत येऊन मला सांगायचा, आज पुन्हा नारळ निघाला."

काकांनी विचारलं, "मला बोलला का नाही?"

"मी विचारलं होतं त्याला. म्हणाला, बाई नवरा धड घरी परत यावा म्हणून ते करते. तिच्या आणि तिच्या देवाच्या मध्ये मी कशाला जाऊ? एक फडकं तर लागतं."

आजार रेड्याला आणि औषध पखालीला! दोन महिने आम्ही दारू बदलली, गोळ्या बदलल्या, माणसांशी भांडलो, आणि काकू दर शुक्रवारी रात्री कोमट तेलाची पळी नळीत सोडत होत्या. तेल तळाशी जाऊन थिजायचं. पहिली टोपी ते थोडं वितळवण्यात वाया जायची, दुसरीनं कसाबसा बार उडायचा, मग नळी तापून साफ. संध्याकाळी काका बंदूक धुऊन ठेवायचे आणि पुढच्या शुक्रवारी पुन्हा पळी.

काका हळूच गठ्ठ्यावर बसले. मला वाटलं, हसतील, काकूंवर चिडतील. ते म्हणाले, "म्हणजे ऐंशीच होतं."

"हो काका."

"आणि लांबट गोळी."

"हो."

"मला बरोबर आठवत होतं." ते स्वतःशीच म्हणाले, मग मार्लीनला इंग्लिशमध्ये म्हणाले, मग परत मला मराठीत म्हणाले. आणि मग एवढा मोठा सर्जन तोंडावर हात घेऊन हुंदके देऊन रडला. मार्लीन त्यांच्या शेजारी जाऊन बसली. मी कॉफी हातात धरून उभा, कुठे बघावं कळेना.

दुपारी तो अडकलेला बार मातीच्या ढिगात उडवून टाकला. काकांनी बंदूक गरम पाण्यानं धुतली. मार्लीननं घरातून वॉल्टरच्या जुन्या फ्लॅनेलच्या शर्टाचा फाडलेला तुकडा आणून दिला. काकांनी तो गजाला गुंडाळला, नळीत दोनदा फिरवला. मग दोन नुसत्याच टोप्या फोडल्या. टक, टक.

"झाली तुझी पूजा," ते म्हणाले. वॉल्टरला म्हणाले.

मग न थांबता ऐंशी भरलं, माझ्याकडे न बघता.

ऊन उतरताना त्याच मक्यात एक नर आला. चाप ओढला आणि बार असा उडाला की माझे कान बधिर झाले. सगळीकडे पांढरा धूर. मला काही दिसेना, मी ओरडत होतो, "लागला का? काका, लागला का?" आणि ज्या माणसाला हरणाचं डोकं दिसत नाही, तो शांतपणे म्हणाला, "पडलंय. जागेवर. गप्प बस आता."

परतीच्या वाटेवर काका कुकरच्या शिट्ट्यांबद्दल बोलले नाहीत. मुलाला किल्ली द्यायचंही बोलले नाहीत. फक्त एकदा म्हणाले, "तपासणी करून घेईन म्हणा. वय झालंय. पण आता घाई नाही."

काकू दारातच उभ्या होत्या. "झालं?"

"झालं," काका म्हणाले. "एकाच बारात."

"बघा!" काकूंनी माझ्याकडे विजयानं बघितलं. "तुम्ही बसा दारू मोजत. मी किती वर्षं न चुकता नळीत देवाचं तेल घालतेय, म्हणून हे सुखरूप येतात. यांना सांगितलं नाही कधी, डॉक्टर आहेत, हसतील. पुढच्या वर्षीही घालणार आहे हं मी."

मी तोंड उघडलं. काकांनी माझ्याकडे बघितलं आणि मी ते मिटलं. त्यांनी जॅकेटच्या खिशातून तो फ्लॅनेलचा तुकडा काढला, काळा झालेला, दारूचा आणि खोबरेलाचा वास येणारा. त्याची नीट घडी केली आणि माझ्या हातात ठेवली.

"घाल की," ते काकूंना म्हणाले. "पुढच्या वर्षी परीक्षित आहेच."